चिंचोक्यांचा डाव

माघ उतरणीला लागला की सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेतून उसाच्या बैलगाड्या जाऊ लागतात. कॉलेजची पोरं सायकलवरून मागून हात घालून एखादं कांडकं उपसतात, गाडीवान मागं न बघताच शिवी देतो, बैलांच्या तोंडचा फेस डांबरावर ठिबकत जातो. कारखान्याकडून वारा सुटला की मळीचा आंबूस वास घरात शिरतो आणि सूनबाई पटापट खिडक्या लावून घेतात. पण त्या वासाच्या अगदी तळाशी कुठंतरी उकळत्या रसाचा वास असतो, आणि खिडकी लावली तरी तो नाकातून जात नाही.

संध्याकाळी कट्ट्यावर माझ्या वयाची मंडळी जमतात. या दिवसांत हमखास गुऱ्हाळाच्या गोष्टी निघतात. कुणी कढत काकवीनं जीभ भाजल्याचं सांगतो, कुणी गरम गुळात खोबरं घालून खाल्ल्याचं. मग बेचाळीस सालच्या चळवळीवर गाडी जाते. ज्यानं त्यानं एखादा भूमिगत लपवलेला असतो, एखादी तार तोडलेली असते. मला विचारतात, मास्तर, तुम्ही तर ऐन त्या मुलखात नोकरीला होता. मी म्हणतो, होतो. एवढंच म्हणतो. बोलणं पुढं सरकतं आणि मी काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत बसतो.

सत्तावीस वर्षांचा होतो. वाईचं घर सोडून कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावात गणित शिकवायला गेलो होतो. लग्न नुकतंच झालेलं, बायको अजून वाईलाच. रविवारची दुपार काढायची कशी हा प्रश्न असे. तो प्रश्न शंकररावांनी सोडवला.

शंकरराव हवालदार लढाईवरून जखमी होऊन परतले होते. डाव्या हाताची दोन बोटं मिसरच्या वाळूत राहिली होती. तिथून त्यांनी तीन गोष्टी आणल्या: एक पदक, सिगारेट मुठीत झाकून ओढायची सवय आणि गोऱ्या सोल्जरांकडून शिकलेला पोकर. घरचा ऊस, मळ्यात नदीकाठी गुऱ्हाळ. थंडीत गुऱ्हाळ सुरू झालं की हवालदार दिवसभर तिथंच. पत्ते गावात सगळेच खेळत, पण घोंगड्यावर बसून. शंकररावांना ते मान्य नव्हतं. पोकर टेबलावर खेळतात, असं सांगून त्यांनी सुताराकडून बाभळीचं टेबल करवून घेतलं. त्याचा एक पाय आखूड झाला. त्याखाली चिपाडाची घडी घालून आम्ही चौघं गुऱ्हाळाच्या पडवीत बसत असू.

पैसे लावायचे नाहीत, ही अट नानांची. म्हणून चिंचोके. प्रत्येकाला मूठमूठ चिंचोके वाटून डाव सुरू व्हायचा. पाच पानं हातात, नको ती एकदा बदलून घ्यायची, आणि मग आपली पानं भारी आहेत असं वाटलं तर चिंचोके पुढं सारायचे. समोरच्यानं तितकेच सारायचे, नाहीतर पानं टाकून बाजूला व्हायचं. सगळेच बाजूला झाले तर उरलेल्याला पानं दाखवावी लागत नाहीत. म्हणजे हातात कचरा असला तरी राजासारखं बसता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी शंकररावांनी जे सांगितलं ते मी शिकलो, आणि शिकलो नसतो तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हातातली पानं न्हाई खेळायची, मास्तर. समोरचा मानूस खेळायचा."

ते स्वतः पहाऱ्यावर उभं राहिल्यासारखे खेळत. पानं उचलायची, तीन बोटांत धरून एकदा बघायची, पालथी ठेवायची, मग नदीकडं नजर. दोन एक्के असोत नाहीतर काहीच नसो, वेळ तेवढाच. त्यांच्याकडं बघून काही कळायचं नाही. लढाईत काय पाहिलं ते जसं त्यांनी कधी सांगितलं नाही, तशीच पानंही.

नाना गावच्या वाचनालयाचे चिटणीस. पंचावन्नच्या आसपासचे, विधुर, अंगावर स्वच्छ खादी, बोलणं मोजकं आणि शुद्ध. ते दहातले आठ डाव सोडून देत. "आपल्याला नाही बुवा," म्हणत आणि पानं अशी हलकेच पालथी घालत की जणू झोपलेल्या मुलावर पांघरूण घालताहेत. नवव्या डावाला त्यांनी चिंचोके पुढं केले की आम्ही तिघंही मुकाट पानं टाकत असू, कारण नानांकडं पानं असल्याशिवाय नाना खेळत नाहीत हे सर्वांना ठाऊक. त्या माणसाला खोटं खेळताच येत नाही, असं मी बायकोला पत्रात लिहिलं होतं. आता वाटतं, जो इतका सांभाळून खेळतो त्याला काहीतरी फार मोठं सांभाळायचं असतं. पण हे आताचं शहाणपण.

आणि ईश्वरा. सातारा-सांगली सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर. लढाईमुळं पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडलेली. ईश्वरा सदा काजळलेला. हसला की तोंडात तेवढे दात पांढरे. तो एकही डाव सोडायचा नाही. हातात काही नसताना ओंजळभर चिंचोके पुढं सारायचा, जोतिबाची आण घ्यायचा, आमच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणायचा, आज नका नादी लागू. आम्ही पानं टाकली की आपली पाच फुटकी पानं टेबलावर उलटी करून दाखवायचा आणि मांड्या बडवत हसायचा. टेबलाबाहेरही तसाच. एकदा कोळसा संपला तेव्हा काकवी ओतून मोटार कराडपर्यंत आणली, हे त्यानं इतक्या गांभीर्यानं सांगितलं की नानांनी चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. त्याची बायको दिसत नसे. विचारलं तर सांगे, माहेरी वडूजला गेली आहे, तिकडं बरीच शेती आहे, बोलावणं आलं की जावं लागतं. वडूजच्या कोरडवाहू रानात माघात कसली एवढी शेती, हे कुणी विचारलं नाही. ईश्वराचं कोण मनावर घेतो!

चौथा मी. मी माणसं खेळत होतो. गणिताचा मास्तर असल्यामुळं वाटत होतं की माणसाचंही सूत्र सापडतं. ईश्वराचं तर मला महिन्याभरात सापडलं. थाप मारताना तो डोळे मिटत नाही, थेट बघतो आणि देवाची शपथ घेतो. खरंच पानं चांगली असली की मात्र खाली मान घालतो आणि आवाज बसल्यासारखा बोलतो, जणू चांगलं काही हातात येणं ही लाजायची गोष्ट आहे. हे मी ओळखल्यापासून त्याच्याविरुद्ध हरलो नाही. शंकररावांनी एकदा भुवया उंचावल्या. नाना म्हणाले, मास्तरांची नजर तयार झाली. त्या वाक्यानं मी आठवडाभर फुललेला होतो.

त्या दुपारी अजून अंगाला लागून आहेत. चुलवाणाची धग पाठीवर आणि नदीवरचा गार वारा तोंडावर. काहिलीत रस रटरटायचा, गुळव्या मळी काढून बाजूला टाकायचा, तिच्यावर गांधीलमाश्या घोंगावायच्या. पलीकडच्या रानात शाळू निसवलेला, पाखरं हाकणाऱ्या बाईची हाळी लांबून यायची. पत्ते गुळानं चिकट झालेले. बदामच्या राणीला एक तांबडा डाग पडला होता, त्यामुळं ती कुणाकडं आहे हे पाठीवरूनच कळायचं आणि आम्ही न कळल्यासारखं करायचो. एवढी साधी, एवढी निरुपद्रवी करमणूक होती ती. मी जेव्हा जेव्हा माणसाच्या क्रौर्याबद्दल काही वाचतो तेव्हा मला रणांगण आठवत नाही. ती पडवी आठवते.

चव्वेचाळीस सालच्या माघाच्या सुरुवातीला चुलवाणात चिपाड सारायला एक नवा गडी आला. दाढी वाढलेली, डोक्याला मुंडासं, अंगभर राख. पहिल्याच दिवशी मी त्याला ओळखलं. तो हिंदुराव होता, माझा दोन वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. वर्गात त्याचं बीजगणित पहिलं असे. त्याच्या नावाचं वॉरंट सहा महिने फिरत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा चिपाड उचललं. मी पानांत डोकं घातलं. नानांनी पाहिलं, ईश्वरानं पाहिलं. तो डाव शंकररावांनी नेहमीच्याच वेळात खेळून जिंकला. गुळव्या शिराळ्याकडचा, कुणाला न ओळखणारा. गडी कोण आहे हे जाणणारी माणसं आम्ही चौघंच.

महाशिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी गुऱ्हाळाला वेढा घातला. हिंदुराव उसात शिरला. त्यांनी उसाला चहूबाजूंनी आग लावायची धमकी दिली तेव्हा हात वर करून बाहेर आला. शंकररावांनाही नेलं. आठ दिवसांनी पदक बघून सोडलं, पण त्या आठ दिवसांत त्यांचे केस पिकले.

उरलो तिघं.

भीती म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात समजलं. गावात भूमिगत पोरांचा दरारा होता. फितुराला पकडून त्याच्या तळपायांवर काठ्या मारत, पुन्हा नीट चालू नये अशा. मी वर्गात फळ्याकडं तोंड करून उभा राही आणि पाठीमागच्या खिडकीत कुणी आलं का याचा कानोसा घेई. मी काही केलं नव्हतं. पण काही केलं नाही हे सिद्ध कसं करायचं? गणितात त्याला रीत नाही.

मधल्या सुट्टीत ते आले. दोघं होते. त्यातला रंगा माझाच जुना विद्यार्थी. चपला काढून वर्गात आला, नमस्कार केला. मी हातातला खडू ठेवून भिंतीकडं सरकलो. पण त्यांनी मला आरोपी म्हणून विचारलं नाही. मास्तर म्हणून विचारलं. तुमची नजर तयार आहे असं ऐकतो, चौघं दर रविवारी समोरासमोर बसत होता, तुम्हाला काय वाटतं? आधी मी सुटल्यासारखा श्वास घेतला. आणि नंतर जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला आनंद झाला. माझ्या विद्येला गिऱ्हाईक मिळालं होतं.

मी लगेच नाव घेतलं नाही. शहाण्यासारखं बोललो. माणसाच्या स्वभावाबद्दल, खोटेपणाच्या सवयीबद्दल. मग सांगितलं की शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात मी परीक्षेच्या कामानं सांगलीला गेलो होतो, तेव्हा ईश्वराला मिरजेच्या रस्त्यानं पायी जाताना पाहिलं. काखेत गाठोडं होतं. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. आणि रविवारी टेबलावर तोच सांगत होता की त्या दिवशी आपण साताऱ्यात मोटारीखाली पडून होतो, जोतिबाची आण. "एवढं मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "अर्थ तुम्ही काढा."

अर्थ काढायला त्यांना वेळ लागला नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी शाळा सुटल्यावर मी नदीच्या वाटेनं घरी निघालो होतो. उन्हं उतरत होती, पाणी आटून पात्रात दगड उघडे पडले होते. बाया धुणी आवरून चालल्या होत्या. रंगा धावत आला. ईश्वराला त्यांनी दुपारी मळ्यातल्या पडक्या विहिरीवर नेलं होतं. रंगाच्या कपाळावर घाम होता, आणि पोरगा घाबरलेलाही होता. मारणाऱ्यालाही भीती वाटते हे मी तेव्हा पाहिलं.

"मास्तर, त्यो नानांचं नाव घेतुय," रंगा म्हणाला. "शिवरात्रीच्या आदल्या दिवशी साताऱ्यात फौजदाराच्या घरातनं नानांना भाईर पडताना बगितलं म्हंतुय. डोक्यावरनं उपरणं घेतलं हुतं म्हंतुय. खरं आसंल व्हय?"

मी विचारलं, शपथ घेतोय का? डोळ्यांत बघून बोलतोय का?

"न्हाई. खाली मान घालून रडतुय. येकच सांगतुय, पुना पुना."

इथं मला थांबायला हवं. इतक्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलेलं नाही. खाली मान म्हणजे काय हे मला माहीत होतं. या जगात ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तरीही नानांची ती शुभ्र खादी डोळ्यांपुढं आली, त्यांचं ते शुद्ध बोलणं. ते माझ्यासारखे बोलत, माझ्या वडिलांसारखे बसत. ईश्वरा काजळलेला, थापाड्या. शिवाय नाना नाही, ईश्वरा नाही, म्हटल्यावर कोण उरतं? दुपारी दिलेला निकाल संध्याकाळी फिरवला तर या पोरांनी माझ्याकडं कसं पाहिलं असतं?

"नाना आयुष्यात खोटं खेळलेले नाहीत," मी म्हणालो. "ही त्याची थाप आहे."

रंगा परत धावत गेला. मी घरी गेलो, हातपाय धुतले, भात टाकला. भात करपला.

ईश्वराच्या दोन्ही पायांची हाडं गेली. क्लच दाबता येईना म्हणून मालकानं मोटारीवरून काढलं. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. शंकरराव सुटून आले, गुऱ्हाळ पुन्हा सुरू झालं, पण रविवारी पडवीत कुणी जमलं नाही. एकदा हंगामाचं शेवटचं आधण चाललं होतं तेव्हा मी गेलो. बाभळीचं टेबल चुलवाणात जळत होतं. शंकरराव आगीकडं बघत म्हणाले, "मानूस खेळायचा म्हून मीच शिकिवलं तुमास्नी." त्यांना काय कळलं होतं, किती कळलं होतं, मी विचारलं नाही.

पाडव्याला नानांचा मुलगा माधव घरी आला. पुण्यात शिकत होता, साताऱ्यात पत्रकं वाटताना सापडला होता, गेले पाच महिने कोठडीत. माफीनामा न देता सुटला म्हणून गावात कौतुक झालं. मीही भेटायला गेलो. दारात गुढी उभी होती, कडुनिंबाचा कडवट वास येत होता. माधव सरळ पोरगा. त्यानं मला हौसेनं सांगितलं की वडिलांनी काय जादू केली कोण जाणे, शिवरात्रीच्या आदल्या दिवशी साताऱ्याला जाऊन फौजदारांना भेटले म्हणतात, आणि पंधरा दिवसांत माझा कागद निघाला. त्या दिवसाबद्दल नानांनी आम्हाला सांगितलं होतं की बहिणीला भेटायला वाईला गेलो होतो.

नाना माजघराच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. चेहरा हलला नाही. माधव पाणी आणायला आत गेला तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "मास्तर, तुम्हाला अजून मूल नाही."

मी उठलो आणि घरी आलो.

बोललो असतो तर त्या म्हाताऱ्याचे पाय गेले असते, माधवनं जन्मात तोंड वर केलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. दयेचं कारण फार सोयीचं असतं. खरं कारण एवढंच होतं की पोरांनी पुढचा प्रश्न विचारला असता: मग मास्तर, तुम्ही कसं सांगितलंत? नानांना मी वाचवलं नाही, स्वतःला वाचवलं. आणि नाना हे जाणून होते. त्यांनी मला एकदाही गप्प राहायला सांगितलं नाही. त्यांना ती गरजच वाटली नसावी. इतके दिवस मी त्यांना वाचतोय असं समजत होतो, आणि वाचत होते ते मला.

ज्येष्ठात ईश्वराची बायको वारली. तेव्हा गावाला समजलं की ती वडूजला नव्हतीच. मिरजेकडच्या क्षयाच्या दवाखान्यात वर्षभर होती. क्षय म्हटलं तर मोटारीत कुणी बसणार नाही, मुलीला स्थळ येणार नाही, म्हणून तो सगळ्यांना थापा मारत होता. गाठोड्यात तिची लुगडी असायची, धुऊन आणलेली.

पुढच्या श्रावणात हिंदुराव तुरुंगात तापानं गेला.

तीन वर्षांनी स्वातंत्र्य आलं. शाळेच्या मैदानावर चिखल होता, वरती स्वच्छ ऊन. झेंडा नानांच्या हस्ते फडकवायचं ठरलं आणि वाचनालयात हिंदुरावाच्या तसबिरीचं अनावरणही त्यांच्याच हस्ते. अक्षर चांगलं म्हणून नानांचं मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं. ज्यांच्या जीवनात असत्याला कधी थारा मिळाला नाही, असं एक वाक्य त्यात आहे. हेडमास्तरांनी ते वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. हिंदुरावाची आई पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही वाजवल्या. नाना मान खाली घालून ऐकत होते, आणि लोक म्हणाले, किती विनयी माणूस! नंतर ते बारा वर्षं जगले. झोपेत गेले. ज्यांना झोप येते त्यांचा मला अजून हेवा वाटतो.

एकोणपन्नास साली मी बदली होऊन सांगलीला आलो. मोटार स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत एक माणूस दिसला. पाय टेबलाखाली, गळ्यात मफलर, केस विरळ झालेले. चेहऱ्यावर काजळी नव्हती म्हणून आधी ओळखलं नाही. ईश्वरा होता. मी तीन दिवस त्या खिडकीवरून गेलो आणि आलो. चौथ्या दिवशी दुपारची गर्दी नव्हती तेव्हा पुढं झालो.

त्यानं ओळखलं. बसा म्हणाला नाही, जा म्हणालाही नाही. मी खिडकीच्या गजाला धरून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शाळेत आलेली पोरं, मिरजेच्या रस्त्याची गोष्ट, माधवचा पाडवा, माझं गप्प बसणं. तो ऐकत तिकिटांचे गठ्ठे सारखे करत होता. माझं बोलणं संपलं तेव्हा म्हणाला, "मला ठावं हाय. त्याच दिशी कळलं हुतं. मारताना पोरंच म्हनत हुती, मास्तरांनी सांगितलंय म्हून."

मी म्हणालो, मग इतकी वर्षं तू कुणाला सांगितलं का नाहीस?

"कुनाला सांगू? एकदा सांगितलं की. तवाच."

स्टँडवर एक मोटार आली. माणसं उतरली, हमाल धावले, धूळ उठली. माझ्या मनात होतं की त्यानं मला शिवी द्यावी. थुंकावं. काहीतरी करावं, म्हणजे माझं काही फिटेल. त्यानं तसलं काही केलं नाही. गठ्ठा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. त्याला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

"मास्तर, येक इचारू?" तो म्हणाला. "तवा रंगा तुमास्नी इचारून परत आला, आन मग लय मारलं. त्याच्या आदी मला वाटत हुतं, मास्तर म्हंतील, खरं बोलतुय त्यो. तुमास्नी एकदा बी वाटलं न्हाई? मी खरं बोलत आसंन म्हून?"

हिरव्या लुगड्यातली एक बाई पोराला कडेवर घेऊन माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. मी गज सोडला. खरं सांगायला माझ्यापाशी सगळं होतं, वेळही होता. त्याला तेवढंच हवं होतं. जगातल्या एका तरी माणसाला आपण खरे वाटलो होतो, एवढंच. पण ते दिलं असतं तर वाटूनही मी काय केलं, हेही द्यावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

ईश्वरानं मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून त्या बाईकडं बघून विचारलं, कुठं जायचं, ताई?